शंभर मायक्रोग्रॅम आणि एक रात्र

खुब्याचे हाड मोडून रॉड टाकलेल्या सत्तरी-ऐंशीच्या बाईला दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडवर "आजी, दुखस का?" असे विचारले, की आमच्या खान्देशात बहुतेक वेळा "नही भाऊ, बरं शे" एवढेच उत्तर मिळते. केसपेपरवर "वेदना नाहीत" अशी नोंद होते आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडे सरकतात. त्याच बाईला "एकदा खोकून दाखवा" असे सांगून पाहावे. ती छाती भरून घेते, चेहरा आवळते, आणि खोकला ओठांपाशीच विरतो. तिला कुशीवर वळायला सांगितले तर ती सुनेचा हात घट्ट धरते, पण वळत नाही. न हलता पडून राहिले तर बरे असते, एवढाच "बरं शे"चा अर्थ असतो. म्हाताऱ्या माणसाने हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर न हलता पडून राहणे हीच पुढच्या निम्म्या दुखण्यांची सुरुवात असते.

मी बावीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या लहानमोठ्या रुग्णालयांत काम करतो. कमरेत, म्हणजे मणक्यात भूल देतानाच त्याच सुईतून मॉर्फिनची अगदी लहान मात्रा दिली, तर वृद्ध रुग्णाची शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र पुष्कळ सुसह्य होते. ही सोय आपल्याकडच्या अधिक रुग्णालयांत व्हायला हवी, आणि जिथे रात्री रुग्णाचे श्वास मोजणारे कोणी नाही तिथे ती मात्रा मुळीच देऊ नये, असे माझे मत आहे. या मताचा पहिला भाग तेवढा उचलणारे उत्साही लोक आणि दुसराच भाग तेवढा धरून बसलेले सावध लोक, या दोघांशीही माझा वाद आहे.

मणक्यात दिलेली नेहमीची भूल दोन ते चार तासांत उतरते. दुपारी शस्त्रक्रिया झाली की संध्याकाळी पायात जाणीव परत येते आणि तिच्यामागोमाग दुखणेही येते. त्या वेळी वॉर्डात हाताशी काय असते? पॅरासिटामॉल असते, ते चांगले औषध आहे आणि प्रत्येकाला वेळच्या वेळी मिळालेच पाहिजे, पण मोडलेल्या हाडाला ते एकटे पुरे पडत नाही. डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन असते, आणि आपल्याकडे ते पाण्यासारखे वापरले जाते. परंतु वयाबरोबर मूत्रपिंडांची ताकद निम्म्यावर आलेली असते, बाई दोन दिवस उपाशी-तापाशी असते, भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो, शरीरात पाणी कमी असते, आणि त्यात हे औषध मूत्रपिंडांचा उरलासुरला रक्तपुरवठाही आवळते. जठरातून रक्त जाण्याची भीती वेगळीच. उरते ट्रामाडॉल, ज्याने वृद्धांना मळमळते, गरगरते आणि कित्येकदा भ्रम होतो. २०१८ पासून तेही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले असल्यामुळे "त्रास नको" म्हणून काही ठिकाणी ठेवलेच जात नाही.

भ्रमाबद्दल इथे थोडे थांबायला हवे, कारण घरच्यांना सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट तीच असते. कालपर्यंत नातवंडांची नावे बिनचूक घेणारी आजी मध्यरात्री उठून गोठ्यातल्या म्हशीला हाका मारू लागते, सलाइन ओढून काढते, मुलाला ओळखत नाही. नातेवाईक याचा दोष भुलेला देतात. भ्रमाची कारणे अनेक असतात, पण न शमलेली वेदना आणि तुटलेली झोप ही त्यांतली मोठी कारणे आहेत, हे आता वैद्यकात पक्के झालेले आहे. तेव्हा "म्हाताऱ्या माणसाला कडक औषध नको, भ्रम होईल" हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. औषधाने भ्रम होतो, तसा औषध न दिल्यानेही होतो.

मणक्यात भूल देण्याची पद्धत १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी सुरू केली. अफूजन्य औषधांची क्रिया थेट मज्जारज्जूवरही होते हे कळायला मात्र १९७० चे दशक उजाडावे लागले, आणि १९७९ मध्ये माणसांच्या मणक्यात मॉर्फिन देऊन वेदना शमवल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले. शिरेतून दिलेले मॉर्फिन सगळ्या शरीरात फिरते आणि त्याचा अल्पसा अंशच कामाच्या जागी पोहोचतो. मणक्यातल्या पाण्यात सोडलेले मॉर्फिन मात्र वेदनेचा संदेश जिथून वर जातो त्या दारातच उभे राहते. म्हणून शिरेतून जिथे ५ ते १० मिलिग्रॅम लागतात तिथे मणक्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा पुरतो. मॉर्फिन पाण्यात विरघळणारे असल्यामुळे ते त्या पाण्यात रेंगाळते आणि साधारण १८ ते २४ तास काम करते. त्याच कुळातले फेंटानिल चरबीत विरघळणारे आहे. ते लवकर शोषले जाते आणि त्याचा उपयोग काही तासांपुरताच होतो.

मात्रा किती असावी याबद्दल जुन्या पिढीतल्या डॉक्टरांच्या मनात जी धास्ती आहे ती निराधार नाही. सुरुवातीच्या वर्षांत एक मिलिग्रॅम आणि त्याहूनही मोठ्या मात्रा दिल्या जात, आणि श्वास मंदावल्याच्या गोष्टी त्या काळातल्या आहेत. पुढे मात्रा उतरत गेली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्याचा सांधा बदललेल्या वृद्ध रुग्णांत ५०, १०० आणि २०० मायक्रोग्रॅम अशी तुलना केली गेली. तीत ५० ची मात्रा कमी पडली, २०० ने खाज वाढली पण वेदना अधिक शमली नाही, आणि १०० वर दोन्हींचा तोल साधला. आज शंभराच्या आसपास राहावे असे बहुतेकांचे मत आहे. या उपायाने रुग्ण लवकर घरी जातो किंवा अधिक वर्षे जगतो, असा दावा मी करणार नाही, कारण तसा भक्कम पुरावा नाही. पहिले चोवीस तास दुखणे कमी राहते आणि वरून द्यावी लागणारी वेदनाशामके कमी लागतात, एवढे मात्र नक्की म्हणता येते. ऐंशी वर्षांच्या माणसाच्या चोवीस तासांची किंमत कमी धरण्याचे कारण मला दिसत नाही.

आता धोक्याकडे येतो. जे मॉर्फिन रेंगाळते म्हणून उपयोगी पडते, तेच रेंगाळत रेंगाळत मणक्यातल्या पाण्याबरोबर वर सरकते आणि काही तासांनी मेंदूच्या तळाशी, श्वासाची लय ठरवणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचते. श्वासाला येणारी ही सुस्ती इंजेक्शननंतर लगेच येत नाही. ती साधारण सहा ते बारा तासांनी आणि कधी त्याहूनही उशिरा येते. दुपारी चारला भूल दिली असेल तर रात्री दहापासून पहाटे चारपर्यंतचा काळ जोखमीचा ठरतो, आणि तोच रुग्णालयातला सर्वांत ओस काळ असतो. शंभर मायक्रोग्रॅमवर असे घडणे दुर्मीळ आहे, पण वृद्धांत मूत्रपिंडे थकलेली असतात, काहींना घोरण्याचा आजार असतो, काही जणांना घरची झोपेची गोळी सुनेने पदराआडून दिलेली असते. दुर्मीळ गोष्ट घडायला एवढे पुरते.

दुसरा धोका आमच्या हातातलाच आहे. मॉर्फिनची ॲम्प्युल १० किंवा १५ मिलिग्रॅमची मिळते, म्हणजे एका काचेच्या बोंडात आपल्याला हव्या त्या मात्रेच्या शंभर ते दीडशे पट औषध असते. ते आधी पाण्याने वाढवून एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असे करायचे आणि मग त्यातले दशांश मिलिलिटर इन्शुलिनच्या सिरिंजमध्ये घ्यायचे, अशी रीत आहे. पण आपल्याकडे इन्शुलिनच्या सिरिंजा दोन प्रकारच्या असतात. लाल टोपणाच्या सिरिंजवर एका मिलिलिटरच्या ४० खुणा असतात आणि नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर १००. नारिंगीवर "दहा खुणा" म्हणजे बरोबर १०० मायक्रोग्रॅम होतात, आणि लालवर त्याच दहा खुणा म्हणजे २५० होतात. मी स्वतः एकदा, रात्रीच्या तिसऱ्या शस्त्रक्रियेला, लाल सिरिंजमध्ये दहापर्यंत औषध ओढून मोकळा झालो होतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरने "सर, आज टोपण लाल आहे" असे म्हटले म्हणून थांबलो. तेव्हापासून मी मात्रा मोठ्याने उच्चारतो, सिस्टर ती परत उच्चारते, आणि मगच सुई आत जाते. ज्यात टिकवण्याचे रसायन नाही असेच मॉर्फिन मणक्यात चालते हेही त्याच वेळी बाटलीवर वाचून घ्यायचे असते. यातल्या कशालाही पैसा लागत नाही.

पैसा लागतो तो रात्रीला. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मणक्यात मॉर्फिन दिलेल्या रुग्णाचे श्वास, त्याची गुंगी आणि रक्तातला प्राणवायू पहिले बारा तास दर तासाला आणि पुढचे बारा तास दर दोन तासांनी पाहावा लागतो. म्हणजे चोवीस तासांत अठरा वेळा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे धरले तर ती सगळी मिळून अठरा मिनिटे होतात. ही अठरा मिनिटे खान्देशातल्या किती रुग्णालयांत मिळतात, हा माझ्या मते या विषयातला खरा सार्वजनिक प्रश्न आहे.

आमच्या धंद्याची रचनाच मुळी या अठरा मिनिटांच्या विरोधात आहे. तालुक्याच्या गावात हाडांचे डॉक्टर स्वतःचे रुग्णालय चालवतात, पण भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावला जातो. मी सकाळी अमळनेरला, दुपारी पारोळ्याला आणि संध्याकाळी धरणगावला असतो. सुई टोचणारा माणूस मात्रेचा परिणाम शिगेला पोहोचतो त्या वेळी दुसऱ्याच गावात जेवत असतो. मागे वॉर्डात राहते ती एक मुलगी, जिला सगळे सिस्टर म्हणतात, जिचे प्रशिक्षण कधी पुरे झालेले असते आणि कधी नसते, आणि जिच्याकडे त्या रात्री पंधरा खाटा, एक बाळंतीण आणि दाराची बेल असते. तिला दोष देणे सोपे आहे, पण चूक आम्ही तिला काय सांगून गेलो, आणि काय न सांगता गेलो, यात शोधावी लागते.

न सांगता गेलेल्या गोष्टींपैकी दोन फार महाग पडतात. मणक्यातल्या मॉर्फिनने अंगाला, विशेषतः नाकाला आणि चेहऱ्याला खाज सुटते. ही ॲलर्जी नसते, पण सिस्टर नेहमीच्या सवयीने ॲलर्जीचे इंजेक्शन देते आणि त्याने गुंगीत भर पडते. तसेच रात्री रुग्ण कण्हला की पेन्टाझोसिन आणि प्रोमेथाझिनचे ठरलेले जोड-इंजेक्शन दिले जाते, म्हणजे एका अफूजन्य औषधावर दुसरे आणि वर झोपेचे. म्हणून माझ्या रुग्णाच्या खाटेला मी एक पुठ्ठा दोरीने बांधतो. त्यावर "मणक्यात मॉर्फिन दिले आहे. उद्या चारपर्यंत झोपेचे, ॲलर्जीचे किंवा दुखण्याचे कोणतेही इंजेक्शन मला फोन केल्याशिवाय देऊ नये" असे ठळक लिहिलेले असते. नातेवाइकांनाही तो वाचून दाखवतो. झोपेच्या गोळीची गोष्ट तिथेच बाहेर येते.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर फार विसंबून राहू नये, हेही मी प्रत्येक सिस्टरला सांगतो. नाकाला प्राणवायूची नळी लावलेली असली की श्वास मिनिटाला सातावर आला तरी यंत्र बराच वेळ ९७ दाखवत राहते, आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. यंत्राआधी रुग्णाची गुंगी बोलते. हाक मारल्यावर डोळे उघडतात का, उघडून लगेच मिटतात का, वाक्य पुरे होते का, हे पाहायला शिकवायला अर्धा तास पुरतो. आणि श्वास दहाच्या खाली गेला किंवा माणूस उठेना, तर मॉर्फिनचा असर उलटवणाऱ्या नॅलोक्सोनची ॲम्प्युल कुठे आहे, किती द्यायची, आणि तिचा असर तास-दीड तासात ओसरतो म्हणून पुन्हा लक्ष का ठेवायचे, हे त्याच पुठ्ठ्याच्या मागे लिहिलेले असावे.

आता कायद्याचा भाग. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनची तस्करी किती रोखली याचा हिशेब दुसऱ्यांनी करावा, पण रुग्णालयांतून मॉर्फिन हद्दपार करण्यात तो चांगलाच यशस्वी झाला. राज्याराज्यांचे वेगळे नियम आणि एका औषधासाठी अनेक परवाने, अशी स्थिती तीन दशके होती. २०१४ च्या दुरुस्तीने ती बदलली. अत्यावश्यक अमली औषधे असा वर्ग झाला, २०१५ मध्ये मॉर्फिन आणि फेंटानिलसह सहा औषधे त्यात आली, आणि राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकदा मान्यता घेतली की रुग्णालयाला ती ठेवता येऊ लागली. नोंदवही ठेवावी लागते, साठा कुलपात ठेवावा लागतो, वर्षाचा हिशेब द्यावा लागतो. हे काही अवघड नाही. तरीही माझ्या ओळखीच्या कित्येक रुग्णालयांनी अर्जच केलेला नाही, कारण दहा वर्षांपूर्वीची भीती कायदा बदलला तरी मनातून जात नाही. धुळ्याहून शिरपूरमार्गे इंदूरकडे जाणारा रस्ता धरला तर पुढे माळव्यात नीमच-मंदसौरची अफूची शेते लागतात. सरकारच्या परवान्याने पिकणारी ती अफू नीमचच्या सरकारी कारखान्यात जाते आणि त्यातून मॉर्फिन निघते. एवढ्या शेजारी राहूनही आमच्याकडची म्हातारी पॅरासिटामॉलवर रात्र काढते. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलच्या वेदनांनी तळमळणारी मुले आहेत. मान्यता घेतलेल्या रुग्णालयात त्यांचीही सोय होईल, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

माझ्या तरुण सहकाऱ्यांचा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मला जास्त विचार करायला लावतो. ते म्हणतात की सोनोग्राफीवर बघून मांडीच्या मज्जातंतूंभोवती भुलेचे औषध सोडले तर श्वासाचा धोका न पत्करताही वेदना थांबतात, मग मॉर्फिनच्या भानगडीत पडायचेच कशाला? जिथे ते जमते तिथे त्यांचेच बरोबर आहे. नुसता तो ब्लॉक, म्हणजे मज्जातंतूंभोवतीची भूल, पुरत असेल तर मी मॉर्फिन देणार नाही, आणि श्वसनाचा आजार असलेल्या रुग्णाला तर नाहीच. पण एकदा दिलेला ब्लॉक अर्धा दिवस टिकला तर नशीब, आणि पहाटे तो उतरतो. शिवाय सोनोग्राफीचे यंत्र गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली येते. ते नोंदणीकृत जागेतच वापरावे लागते, गाडीत टाकून गावोगाव नेता येत नाही. मुलींचे घटते प्रमाण ज्या जिल्ह्यांनी पाहिले तिथे हा कायदा सैल करा असे मी म्हणणार नाही. पण फिरत्या भूलतज्ज्ञाला यंत्र नाही आणि छोट्या रुग्णालयाला ते परवडत नाही, ही आजची वस्तुस्थिती आहे. शंभर मायक्रोग्रॅम मॉर्फिनला मणक्यातल्या त्याच सुईखेरीज वेगळे यंत्र लागत नाही.

"नशा लागेल" ही नातेवाइकांची भीती मी दोन वाक्यांत निकालात काढतो. मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याने, तेही एकदाच आणि पाठीत, कोणाला व्यसन लागत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडकू शकते, ही भीती मात्र खरी आहे, आणि तिच्यासाठी नळीची तयारी ठेवावी लागते.

माझी मागणी म्हणून अशी आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत, जिथे निवासी डॉक्टर रात्रभर असतात, तिथे हा उपाय वृद्धांच्या हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी नेहमीचा व्हावा. धडगावहून चांदसैली घाट उतरून आलेल्या माणसाला त्याच्या गावापासून इतके लांब आणल्यावर निदान रात्र तरी नीट मिळावी. तिथेच तालुक्यांच्या रुग्णालयांतल्या सिस्टरांना आठ-आठ दिवस बोलावून श्वास आणि गुंगी पाहायला शिकवावे. खासगी रुग्णालयांनी मान्यता घ्यावी, पण ती घेताना रात्रीचा तक्ता कोण भरणार त्याचे नाव द्यावे. जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेची रक्कम एकगठ्ठा ठरलेली असते. तिचा काही भाग पहिल्या रात्रीच्या देखरेखीवर खर्च झाल्याचा पुरावा मागितला, तर रुग्णालये रात्रपाळीला आणखी एक माणूस ठेवतील.

पुरावा म्हणजे काय, याबद्दल मात्र माझा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. एका रुग्णालयात मी दोन वर्षे मॉर्फिन देत होतो आणि तक्ते व्यवस्थित भरून येत होते. एकदा घाटात गाडी बंद पडली म्हणून रात्री परतून तिथेच मुक्काम केला. पहाटे पाचला वॉर्डात गेलो तेव्हा रात्री दहानंतरचे सगळे खाने कोरे होते. सातला पुन्हा गेलो तेव्हा ते भरलेले होते. एकाच पेनने, एकाच तिरकस अक्षरात, सातही खान्यांत १६ लिहिलेले होते. रुग्ण सुखरूप होता. मी रागावलो नाही. त्या मुलीने त्या रात्री एका बाळंतिणीचा रक्तस्राव एकटीने सांभाळला होता. रुग्णालयाच्या मालकांना मी रात्रीसाठी आणखी एक सिस्टर ठेवण्याबद्दल बोललो, आणि त्यांनी "बघू" म्हटले.

त्या रुग्णालयात मी आता मणक्यात मॉर्फिन देत नाही. पॅरासिटामॉल लिहून देतो, हाडाभोवती भुलेचे औषध सोडायला सर्जनना सांगतो, आणि सकाळी गाडीतून फोन करतो. उत्तर नेहमीचेच असते. आजी बऱ्या आहेत, फक्त रात्रभर जाग्या होत्या.